मुंगसा, तोंड दाखव

मुंगूस रस्ता ओलांडून गेलं आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, "मुंगसा मुंगसा तोंड दाखव, तुला रामाची शपथ!" सत्तावन्न वर्षांची बाई मी, पण मुंगूस दिसल्यावर वय वगैरे राहत नाही. आणि गंमत म्हणजे ते थांबलं. कडेच्या वाळक्या गवतात शिरता शिरता थबकलं, मान वळवून गाडीकडे बघितलं आणि मग शेपूट ओढून घेत दिसेनासं झालं. मी टाळी वाजवली. गाडी चालवणारा भाचाही हसला, त्याला त्याच्या आईने म्हणजे माझ्या बहिणीने हे लहानपणी शिकवलेलं. पुढच्या सीटवर शेजारच्या आंटी बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत. काचेतून बाहेर बघत इतकंच म्हणाल्या, "तुमच्याकडचंच ना ते?"

आवाजात राग नव्हता. आपल्या परड्यात दुसऱ्याची म्हैस शिरली की आपण ज्या सुरात "तुमचीच ना हो ही?" म्हणून विचारतो, तो सूर होता. मी उत्साहात "हो, हो, आमच्याकडचंच" म्हणून मोकळी झाले. म्हैस कुणाची ते कबूल केलं, आणि परड्यात काय काय तुडवलं गेलंय ते बघितलंसुद्धा नाही.

हे घडलं माउईवर. हवाई बेटांतलं हे दुसऱ्या क्रमांकाचं मोठं बेट. भाचा तिथे नोकरीला आहे. शेजारच्या आंटी मूळच्या हवाईयन, सत्तरीच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांना "आंटी" म्हणायला मला सांगावं लागलं नाही. तिथे वयाने मोठ्या बाईला, ओळखीच्या असो वा नसो, आंटीच म्हणतात. अमेरिकेत उतरल्यावर पहिल्यांदा मला वाटलं, चला, इथे माणसं माणसांना नात्याने हाक मारतात.

खरं सांगायचं तर वाटायला लावणारं बरंच होतं. भाच्याचं घर कीहेईला, बेटाच्या कोरड्या बाजूला. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपंधरा तास मागे, त्यामुळे पहिले चार दिवस मी पहाटे तीनला टक्क जागी. अंधारात पडून राहायचं आणि ऐकायचं. आधी समुद्र. मग उजाडायच्या जरा आधी तित्तिर. एकच शब्द कुणीतरी चढत्या आवाजात घाईघाईने घोकावा तसा. मग होल्याचं घुमणं. आणि झुंजूमुंजू झालं की साळुंक्या. त्यांचं ते एकाच दमात शिट्टी, खरखर, शिव्या आणि लाडीगोडी. डोळे मिटून ऐकलं तर मी कराडजवळच्या आमच्या मळ्यातल्या घरात होते, फक्त शेण आणि चुलीचा वास नव्हता. खिडकीतून बघितलं तर पार्किंगमध्ये दोन साळुंक्या पिवळे पाय टाकत, भाडं वसूल करायला निघालेल्या घरमालकिणींसारख्या चालत होत्या. बेटाच्या ओल्या बाजूला गेलो तर रस्ताभर जांभळं सांडून डांबर जांभळं झालेलं. कुंपणाला घाणेरी. संध्याकाळी कूलाच्या चढावर, गवतात, चितळांचा कळप. मी भाच्याला म्हटलं, "अरे, एवढे पैसे घालून मी आले कशाला? हे सगळं मला घरीच होतं की."

तेव्हा तो विनोद होता.

रात्री झोप येत नव्हतीच, तेव्हा भाच्याचा लॅपटॉप घेऊन बसले. आंटींचा प्रश्न घशात माशाचा काटा अडकावा तसा अडकला होता. वाचत गेले तसतसा माझा घरपणाचा आनंद एकेक करून उतरत गेला. साळुंकी तिथे १८६५ साली हिलेब्रांड नावाच्या डॉक्टरांनी भारतातून नेली, पिकांवरच्या लष्करी अळीसाठी. चितळं १८६० च्या दशकात तिथल्या राजाला हाँगकाँगहून भेट म्हणून आली, मूळची अर्थात आपल्याकडचीच. आता माउईवर शेतकरी त्यांना अक्षरशः हात जोडतात. आणि मुंगूस? एस्पूट नावाच्या मळेवाल्याने १८७२ साली कलकत्त्याहून नऊ मुंगसं जमैकाला नेली, तिथल्या उसातल्या उंदरांवर. त्यांचा वंश वाढला. त्या वंशातली बहात्तर मुंगसं १८८३ मध्ये हवाईतल्या ऊसवाल्यांनी मागवली. इथे मी जरा सरसावून बसले, कारण मला पळवाट सापडली होती. कलकत्त्याहून गेलेलं ते लहान जातीचं मुंगूस. आमच्या बांधावरचं ते करडं, मोठं, वेगळं. म्हणजे कायद्याने बघितलं तर आमच्याकडचं नव्हेच, बंगालकडचं! पहाटे साडेतीनला एकटीच हसले. वकील लावल्यासारखं वाटलं. पण तारीख पडण्याआधीच केस निकाली निघाली होती, "हो, हो" मीच म्हटलं होतं.

ऊस आणि उंदीर हे मला कुणी शिकवायला नको. उंदराने कुरतडलेल्या उसाला एक आंबूस वास येतो, दोन दिवस शिळ्या रसासारखा. सरीतून वाकून चालताना तो वास आला की आमचे आण्णा थांबत, पाचट बाजूला करून बुडख्याजवळची कांडी बघत आणि काही न बोलता पुढे जात. पाचटाच्या ढिगाखाली आमच्याकडे मुंगसाचं एक जोडपं होतं. त्याला कुणी दगड मारायचा नाही, असा दंडक. पण आण्णा असंही म्हणत, की मुंगसाच्या भरवशावर ऊस लावू नये. उंदराची हजेरी रात्री, मुंगसाची फेरी दिवसा, पाळ्याच वेगळ्या. हवाईच्या मळेवाल्यांचं नेमकं तेच चुकलं. मुंगूस उंदीर खात नाही असं नाही, सापडला तर खातंच. पण दिवसाउजेडी त्याला उंदरापेक्षा सोपं काही सापडलं तर ते कशाला बिळात तोंड खुपसेल? आणि त्या बेटांवर सोपं फार होतं. साप नाही, मांजरवर्गातलं काही नाही. समुद्रातले सोडले तर अस्सल तिथला सस्तन प्राणी म्हणजे एक वटवाघूळ. लाखो वर्षांत पक्ष्यांना जमिनीवर अंडी घालायची भीती कधी पडलीच नव्हती.

त्यातले नेने. आता मराठी माणसाला हा शब्द वाचून हसू आवरत नाही, मलाही आवरलं नाही. रस्त्याकडेला चक्क पाटी, "नेने क्रॉसिंग". मी फोटो काढून आमच्या गटावर टाकला आणि दहा मिनिटांत पुण्यातल्या सगळ्या नेन्यांवरचे जुने विनोद येऊन पडले. हे नेने म्हणजे हवाईचा हंस. राज्यपक्षी आहे तो. मानेवर तिरक्या घड्या, जणू साडीच्या निऱ्या. लाव्हाच्या खडकांवर चालून चालून पायाचे पडदे आखूड झालेले. हळू आवाजात "ने-ने" करत गवत खुडत हिंडतो. १९५० च्या सुमाराला ते तीसेक उरले होते. शिकार होतीच, पण अंड्यांवर मुंगूस, मांजर, डुक्कर सगळेच टपलेले. मग इंग्लंडमध्ये स्लिमब्रिजला त्यांची पैदास केली आणि १९६२ मध्ये माउईच्या ज्वालामुखीच्या विवरात स्काउटच्या मुलांनी पाठीवर वाहून नेऊन ते सोडले. आज सगळ्या बेटांवर मिळून तीन हजारांच्या वर आहेत. आम्ही बघितलेल्या जोडीच्या पायांत प्लॅस्टिकची कडी होती, त्यावर अक्षरं. नर आमच्याकडे मान लांब करून बघत राहिला. मुंगसाला शपथ घालायला लागते तोंड दाखवायला. हा बिचारा न सांगता दाखवत होता.

दुसऱ्या आठवड्यात आंटी स्वतःहून म्हणाल्या, चला, तुम्हाला आमचं दाखवते.

"आमचं" वर होतं. हालेआकाला हा दहा हजार फुटांचा डोंगर. समुद्रापासून दीड तासात माणूस हिवाळ्यात पोचतो. सात हजार फुटांवर आम्ही थांबलो. वाट सुरू होते तिथे ब्रश होता. बुटाच्या खाचांतली माती आणि त्यातलं बी खरवडून काढायचं आणि मगच पाऊल टाकायचं. आंटींनी माझे बूट स्वतः तपासले. देवळात जाताना पाय धुतो तसं वाटलं. फरक इतकाच, की इथे विटाळ म्हणजे मीच होते. आत शिरताना निलगिरी आणि पाइन, तेही बाहेरून आणून लावलेले. मग ओढ्याच्या कडेला झाडं एकदम बुटकी, पिळवटलेली, शेवाळाने मऊ झालेली. ओहियाची लाल फुलं, नुसत्या केसरांचे झुबके, आपल्या शिरीषासारखे पण शेंदरी. खाली कीहेईला कान किटवणारे सगळे आवाज इथे बंद. साळुंकी नाही, होला नाही. धुकं पानांवरून टपकत होतं, ते ऐकू येत होतं.

मग कुणीतरी विहिरीवरचा जुना रहाट ओढला. कुर्रर्र, थोडं थांबून कुईं. मी खरंच वळून बघितलं. आंटींनी माझा हात धरला आणि नजरेनेच फांदी दाखवली. ईईवी. एवढासा जीव, चिमणीहून थोडा मोठा. अंग असं लाल, की धुक्यातही डोळ्याला बोचावं, पंख काळे, आणि चोच गुलाबी-केशरी, लांब, कोयत्यासारखी खाली वळलेली. ती चोच त्याने फुलात घातली, काढली, डोकं झटकलं, कपाळावर पिवळे परागकण चिकटले होते. उलटा लटकला. पुन्हा रहाट ओढला. उडाला तेव्हा पंखांची फरफर ऐकू आली, आणि मग तो नव्हता. सगळं मिळून मिनिटभर. मला उगाच रडू आलं. सुंदर होता म्हणून नव्हे. मला त्याचं नाव नव्हतं, त्याच्याशी बोलायला एकही शब्द नव्हता, आजीने, आईने शिकवलेलं काही नव्हतं. त्या बेटावर आल्यापासून पहिल्यांदा मला परकं वाटलं, आणि ते कुठेतरी बरं वाटलं.

आंटी म्हणाल्या, त्यांच्या आजीच्या लहानपणी हे पक्षी बरेच खालपर्यंत दिसत. आता ते डोंगराच्या टाळूवर चढून बसलेत, आणि त्याला कारण डास. हवाईत डासच नव्हता. १८२६ साली लहाइना बंदरात एक जहाज लागलं, पाण्याच्या पिंपातून अळ्या आल्या. तोच हा आपल्या गटारातला, हत्तीरोग पसरवणारा डास. त्याने तिथे पक्ष्यांचा मलेरिया पसरवला, आणि ज्यांच्या रक्ताने तो रोग कधी बघितलाच नव्हता ते पक्षी पटापट गेले. ईईवीला एक चावा बहुधा पुरतो. साडेचार-पाच हजार फुटांवर थंडी असते, तिथे डास आणि त्याच्या पोटातला जंतू दोन्ही मंदावतात, म्हणून वरचे वाचले. पण आता हवा तापतेय आणि ती रेघ वर सरकतेय. डोंगराला टाळूच्या वर आणखी डोंगर नसतो. एकाच पूर्वजापासून या बेटांवर ईईवीचे पन्नासाहून जास्त भाईबंद तयार झाले होते, कुणाची चोच कोयता, कुणाची चिमटा, कुणाची पोपटाची. आज सतरा उरलेत. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सरकारने हवाईतले आठ पक्षी एकाच यादीत नामशेष म्हणून जाहीर केले. त्यांतलाच, फक्त माउईवर उरलेला किविकिऊ पक्षी जेमतेम दीडशे. २०१९ मध्ये त्यांतले काही बेटाच्या दुसऱ्या अंगाला नव्या रानात नेऊन सोडले, तर काही आठवड्यांत मलेरियाने जवळजवळ सगळे मेले.

उपाय काय, तर आणखी डास. हेलिकॉप्टरमधून डोंगरावर नर डास सोडतात, प्रयोगशाळेत वाढवलेले. नर चावत नाहीत. त्यांच्या अंगात वेगळा जीवाणू असतो, त्यामुळे रानातल्या माद्यांची अंडी उबतच नाहीत. २०२३ च्या शेवटी माउईवर हे सुरू झालं. मी म्हटलं, "आंटी, उंदरांवर मुंगूस सोडणाऱ्यांनाही आपण हुशारीच करतोय असं वाटलं असणार." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "हो," म्हणाल्या, "म्हणून मी सगळ्या बैठकांना गेले. प्रत्येक प्रश्न विचारला. तुमच्या मुंगसाच्या वेळी विचारायला आम्हाला कुणी बोलावलं नव्हतं."

परतताना त्यांनी अलालाचं सांगितलं. अलाला म्हणजे हवाईचा कावळा. २००२ मध्ये रानातले संपले, उरले ते शंभरावर पिंजऱ्यात वाढवलेले. मोठ्या बेटावर काही सोडले होते, त्यांतले काही तिथल्या बाजाने मारले, मग उरलेले परत धरून आणले. २०२४ च्या नोव्हेंबरात पाच जण माउईच्या रानात सोडलेत. आणि मग सहज म्हणाल्या, "आमच्यात मानतात, की तो मेलेल्याच्या आत्म्याला वाट दाखवतो." मी गाडीतच ताठ झाले. त्यांना आण्णांच्या दहाव्याचं सांगितलं. कृष्णेच्या घाटावर पिंड मांडलेला, आम्ही सगळे मागे सरकून उभे, आणि कावळा शिवेना. समोर पिंपळावर डझनभर बसलेले, पण एक खाली येईल तर शपथ. दादा म्हणाला, "आईला बघू आम्ही." नाही. काका म्हणाले, "पाइपलाइनचं कर्ज फेडू." नाही. शेवटी मी, माहेरचं काही बोलायचा हक्क नसलेली, पुटपुटले, "आण्णा, खोडवा राखतो, यंदा पेटवत नाही पाचट." आला. खरं तर ऊन चढलं होतं आणि त्याला भूक लागली असेल. पण आला. आंटी गप्प ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आणि नसतेच आले तर? कावळेच नसते तर?" मी म्हटलं, मग दर्भाचा कावळा करतात आणि शिवतात. "आम्ही वीस वर्षं तेच करतोय," त्या म्हणाल्या.

यावर मी काय बोलणार.

लहाइनाला मी जायला नको म्हणत होते. जळलेलं गाव बघायला जाणं मला पटत नाही. पण आंटींना वड दाखवायचा होता. २०२३ च्या ऑगस्टमध्ये वादळी वाऱ्याने आग आली, शंभरावर माणसं गेली. बंद पडलेल्या ऊसमळ्यांच्या जमिनीवर माजलेलं परदेशी गवत काडीसारखं पेटलं. माउईवरचा शेवटचा साखर कारखाना २०१६ मध्येच बंद झालेला. म्हणजे बघा, ज्या उसासाठी मुंगूस आणलं तो ऊस गेला. मुंगूस राहिलं, गवत राहिलं. वड लांबूनच, जाळीच्या पलीकडून दिसला. १८७३ साली भारतातून आलेलं आठ फुटी रोप ते. पारंब्या टेकवत टेकवत अख्खा चौक व्यापून बसलेलं. अर्धी खोडं काळी, आणि त्या काळ्यातून कोवळी लालसर पालवी, वटपौर्णिमेला फांदी आणतात तीवर असते तशी. आगीनंतर टँकरने पाणी घालून, खत घालून जगवला म्हणाले. आंटी जाळीला दोन्ही हात लावून उभ्या होत्या. त्या रडत होत्या. त्यांचं लग्न त्या झाडाखाली ठरलं होतं.

मी मुद्दाम नव्हे, पण विचारून गेले, "हा पण आमच्याकडचाच, ना?" त्यांनी पदराने पुसावेत तसे दंडाने डोळे पुसले. "हा आता आमचा," म्हणाल्या. मुंगूस तुमचं, वड आमचा! मला आतून जरा लागलं, आणि जरा हसूही आलं. सासरी आलेल्या सुनांचंही असंच असतं, एखादी घरची होते, एखादी चाळीस वर्षांनीही "अमक्याकडची" राहते. पण इथे हिशेब तेवढा अन्यायाचा नव्हता. वड जिथे लावला तिथेच उभा राहिला.

आता एक कबुली. माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात कागदाची पुडी होती. वाळलेल्या मंजिऱ्या, घरच्या वृंदावनातल्या. भाचेसुनेच्या बाल्कनीत तुळस लावायची म्हणून. विमानात फॉर्म भरताना बी-बियाणं आहे का, या प्रश्नापुढे मी "नाही" अशी खूण केली होती. मनात म्हटलं होतं, तुळस म्हणजे काय बियाणं आहे का? एस्पूटसाहेबालाही आपली मुंगसं अशीच वाटली असतील, घरगुती. डोंगरावरून आल्यापासून ती पुडी पर्समध्ये आहे हे मला झोपेतही कळत होतं. टाकायची तरी कुठे, रुजेल. शेवटच्या दिवशी सकाळी आंटी निरोपाला आल्या तेव्हा मी अख्खी पुडी उकळत्या चहात ओतली आणि पाच मिनिटं खळखळू दिली. घरभर तुळशीचा वास. भाचेसून म्हणाली, "मावशी, काढा केलात का?" आंटींनी दोन कप घेतले. हे कसलं पान, विचारलं. सगळं सांगितलं, फॉर्मसकट. त्या कप खाली ठेवून इतक्या हसल्या, की त्यांना ठसका लागला.

विमानतळावर सोडायला त्याही आल्या. रिकाम्या पडलेल्या मळ्यांच्या मधून रस्ता जातो, दोन्हीकडे पुरुषभर गवत. तिथे पुन्हा मुंगूस आडवं गेलं. मी तोंड घट्ट मिटून घेतलं. आंटींनीच मागे वळून विचारलं, "काय म्हणालात त्या दिवशी त्याला?" मी शिकवलं. "मुंगसा" त्यांना जमलं, "तोंड दाखव" जमलं, "शपथ" पाशी अडखळल्या. काच खाली करून मोठ्याने म्हणाल्याही. पण ते कधीच गवतात गेलं होतं.

"राम कोण?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, तो एक राजाचा मुलगा, त्याला घर सोडून रानात जावं लागतं. का? मग कैकेयीपासून सुरुवात करावी लागली. माझं इंग्रजी तोकडं, भाचा मधे मधे शब्द पुरवत होता. विमानतळ आला तेव्हा राम अजून गंगेच्या काठावर नावेची वाट बघत उभा होता.